भरपूर, पुरेल, देवा रे!

पल्लवी, ये पाहू अशी जवळ, आणि आधी थोडी बोलणी खाऊन घे. ठाण्यात राहतेस, मावशी कल्याणला, मध्ये अंतर ते केवढं. पण गणपतीत आलेलीस त्यानंतर तोंड दाखवलं नाहीस. आणि काल अचानक फोनवर फोटो! जुन्या गाड्यांचं प्रदर्शन, ती लाल गाडी, आत मान घालून काढलेला काट्यांचा फोटो, खाली ते हसून हसून रडणारे चेहरे ओळीनं, आणि प्रश्न काय, तर, "मावशी, ही तुमच्या मोंडकरांचीच ना? सायकल आणि रिक्षाच्या मध्ये 'टेकले' असं काय लिहिलंय?"

अगं, हा काय उभ्या उभ्या फोनवर विचारायचा प्रश्न आहे? एका अंगठ्यानं विचारलंस, आता मला दोन्ही हातांनी लिहायला लागतंय. बस आता वाचत.

मोंडकर भाऊजी म्हणजे आमच्या जुन्या बिल्डिंगमधले शेजारी. भिंतीला भिंत. मूळचे मालवणकडचे, पण उभी नोकरी तुमच्या ठाण्यातल्या कोलशेतच्या कारखान्यात, रंगखात्यात. मोठमोठी यंत्रं तयार होऊन आली की त्यांच्यावर ब्रशनं अक्षरं काढायची: 'दाबा', 'सोडा', 'हात घालू नये'. पुढे छापील पट्ट्या आल्या, तरी साहेबलोक म्हणायचे, मोंडकरांचा 'हात घालू नये' वाचला की हात आपोआप मागे येतो. नोकरी संपली, पण हातातली अक्षरं काही संपेनात. मग ती घरभर सांडायला लागली.

त्यांची बायको नलू, माझी मैत्रीण. तिच्या स्वयंपाकघरात साखरेच्या डब्यावर लिहिलेलं, 'साखर. मोंडकरांनी दुरून पाहावी.' शेजारी मिठाचा डबा, 'साखर नव्हे. खात्री करून घेतली आहे.' आमच्या जिन्यात एक पायरी हलायची, तिच्यावर एका सकाळी सुंदर निळ्या अक्षरात उगवलं, 'ही पायरी मनाने कच्ची आहे.' सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींची जी खुर्ची, तिच्या पाठीवर, 'येथे बसल्यास बैठक लांबते.' सेक्रेटरींनी रागारागानं बादलीभर पाणी आणून घासून काढलं, तर दुसऱ्या दिवशी त्या बादलीवर, 'पुरावा धुण्याची बादली.'

आणि हे सगळं करून माणूस कसा? तर देवळात उभा असावा तसा. हसायचं नाही, डोळा मिचकवायचा नाही. ब्रश कानाच्या मागे खोचायची सवय, त्यामुळे पांढऱ्या केसांत कानावर कायम कुठल्या तरी रंगाचा पट्टा. आज कोणता रंग चाललाय ते कानावरून कळायचं. कुणी भांडायला आलंच तर शांतपणे म्हणायचे, "वहिनी, लिहिलेलं असलं की अर्धं भांडण आधीच होऊन जातं. उरलेलं अर्धं आपण चहावर करू."

माझ्या दारावरही त्यांनी पाटी करून दिली होती. ती पोरं जाता-येता बेल वाजवून पळायची ना, तू पण त्यातलीच! पाटीवर लिहिलं, 'एकदाच दाबा. ऐकू येतं.' वाजवणं थांबलं नाही, पण पोरं एकदाच वाजवायला लागली.

तर गाडी. कारखान्याचे जुने साहेब मुलीकडे परदेशी कायमचे निघाले. त्यांची ही दोन माणसांची गाडी, कापडी छपराची, इतकी बुटकी की आत बसलं की पाटावर बसल्यासारखं वाटावं. तिची नंबरप्लेट वर्षानुवर्षं भाऊजीच रंगवायचे. साहेब म्हणाले, मोंडकर, घेऊन जा. भाऊजींनी ती टेम्पोला बांधून आणली. आम्ही सगळ्या गॅलरीत उभ्या.

नलू वरून म्हणाली, "अहो, हे काय आणलंत?"

"गाडी. फुकट मिळाली."

"फुकट काय, वाघही मिळेल. बांधणार कुठे?"

भाऊजींनी वर पाहिलं आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "बांधावं लागणार नाही. चालतच नाही."

पुढे चालायला लागली. पत्रीपुलाजवळच्या सलीम मेकॅनिकनं इंजिन जागं केलं. पण समोरची ती गोल घड्याळं, वेगाचं, तेलाचं, पाण्याच्या तापाचं, पेट्रोलचं, बॅटरीचं, सगळी मेलेली. काटे सगळे खाली मान घालून. भाऊजी गाडी चालवायचे कानानं आणि नाकानं. वेग किती, तर टोपी उडाली की जास्त. तापली का, तर वास आला की तापली. आणि पेट्रोल किती, तर टाकीचं झाकण उघडून नलूचं लाटणं आत बुडवायचं आणि किती ओलं झालं ते बघायचं.

हो गं, लाटणं! नलूला हे कळलं ते पोळ्यांवरून. आठवडाभर बिचारी गव्हाला नावं ठेवत होती, गिरणीवाल्याशी भांडून आलेली. शेवटी एक दिवस लाटणं नाकाला लावलं. त्या दिवशी भिंतीपलीकडून जे ऐकू आलं ते मी लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे नवं लाटणं आलं, आणि जुन्यावर लाल अक्षरं, 'हे गाडीचं.'

इथपर्यंत ठीक होतं. पण नलूच्या भाच्याचं लग्न निघालं डोंबिवलीत. नलूनं पैठणी नेसली, गजरा माळला, आणि नवऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून त्या गाडीत बसली. ताप दाखवणारा काटा मेलेला, त्यात वाऱ्याची दिशा उलटी, म्हणजे भाऊजींच्या नाकालाही पत्ता नाही. पत्रीपुलाच्या ट्रॅफिकमध्ये गाडीतून कुकरसारखी वाफ. मुहूर्त गाठायचा म्हणून नलू एका भाजीच्या टेम्पोत चढली आणि कोथिंबिरीच्या जुड्यांवर बसून लग्नाला गेली. हॉलमध्ये सगळे म्हणे विचारत होते, जेवणाचा वास काय सुंदर येतोय!

घरी येऊन तिनं जाहीर केलं, "त्या गाडीत मी पाय ठेवणार नाही. ज्या गाडीला स्वतःलाच काय होतंय ते सांगता येत नाही, तिच्यात कोण बसेल?"

आणि नाही बसली. दोन वर्षं. भाऊजी एकटेच शहाडपर्यंत जाऊन यायचे. शेजारच्या रिकाम्या सीटवर त्यांनी पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, 'राखीव.' भाजीची पिशवीसुद्धा त्या सीटवर ठेवायचे नाहीत, पायाशी ठेवायचे.

मग आमची बिल्डिंग पाडून नवी बांधायची ठरली. सगळ्यांना भाड्याच्या घरात जायचं. मोंडकरांना घर मिळालं कोलशेतला, भाऊजी खूश, जुना कारखाना जवळ. पण तिथं पार्किंगची मारामारी. पुण्याहून मुलाचा फोन, बाबा, आता ती गाडी काढूया, ठाण्यात एक गिऱ्हाईक आहे, जुन्या गाड्या जमवतो. आणि ठेवायचीच असेल तर निदान ते काटे फेका, एक स्क्रीन लावू, सगळं एका जागी दिसेल.

"टीव्ही घरात आहे," भाऊजी म्हणाले आणि फोन नलूला दिला.

त्या संध्याकाळी ते आमच्याकडे आले, चहा घेतला आणि पहिल्यांदाच मला त्यांचा आवाज बसलेला वाटला. म्हणाले, "वहिनी, इतक्या यंत्रांवर लिहिलं मी. रंग वाळला की ट्रक यायचा, घेऊन जायचा. एकही पुन्हा दिसलं नाही. हे एकच यंत्र माझ्याकडे राहायला आलं हो."

नलूला हे मी सांगितलं. म्हणजे सांगू नका म्हणाले नव्हते! नलू विळीवर भेंडी चिरत होती, चिरतच राहिली. मग रात्रीच्या जेवणाला तिनं अट घातली. सगळे काटे नवे करून घ्या, सगळे चालले पाहिजेत. मग मला टिटवाळ्याला नेऊन आणा. वाटेत गाडी एकदाही ढकलायला लागली नाही, तर गाडी कोलशेतला येईल. ढकलायला लागली, तर गिऱ्हाईकाला फोन. आणि ते लाटणं आजपासून माझ्या ताब्यात, काटा बघूनच चालवायची. "आणि ही मागून रिक्षानं येईल," माझ्याकडे बोट, "अंपायर म्हणून."

मला कुणी विचारलं नाही. पण नाही म्हणायला मी काय वेडी आहे?

सलीमनं जुन्या गोल घड्याळांच्या पोटात नवी यंत्रं बसवली. बाहेरून तीच जुनी चकती, आतून सगळं नवं. काटे उठले गं! इतक्या वर्षांनी एकेक मान वर झाली. एक पेट्रोलचा तेवढा विचित्र. टाकीत जो फ्लोट असतो, पेट्रोलवर तरंगणारा, त्याच्यावर काटा चालतो. तो सलीमनं आणला दुसऱ्या कुठल्या गाडीच्या मापाचा. त्यामुळे टाकी भरली की काटा खाली, रिकामी झाली की वर. सगळं उलट.

सलीम म्हणाला, "चाचा, दुसरा मागवतो."

"राहू दे," भाऊजी म्हणाले, "मी बघतो. आणि घरी बोलू नकोस."

मग त्यांनी चकत्या काढून घरात नेल्या, रंगाच्या डब्या बाहेर आल्या, आणि खोलीचं दार आतून बंद. लावून झाल्यावर गाडीच्या त्या भागावर चादर टाकली. टिटवाळ्याला निघायच्या दिवशी नारळ फोडूनच उघडायची म्हणाले.

इकडे नलूचं डोकं चाललेलं. चादर पडायच्या आधीच तिनं खाली जाऊन पाहिलेलं, टाकी गळ्यापर्यंत भरली तरी काटा खालीच. ती माझ्याकडे आली, कुजबुजत. "अगं, ह्यांचा पेट्रोलचा काटा उलटा चालतोय, आणि हे मानी, बोलायचे नाहीत. माझ्या अटीत हरतील नाहीतर."

"मग हरू दे की. तूच घातलीस ना अट?"

"घातली म्हणून काय हरायला हवेत?" असं म्हणून ती सलीमकडे गेली. बरोबर मापाचा फ्लोट मागवलान. भाऊजी दुपारचे झोपायचे, तेव्हा सलीमला खाली बोलावलं. मी जिन्यात पहारा, मनानं कच्च्या पायरीवर. सलीम बिचारा डोक्याला हात लावून म्हणाला, "भाभी, चाचा को मत बोलना असं तुम्ही बोलता, भाभी को मत बोलना असं चाचा बोलतात. मैं किसको बोलू?"

"कुणालाच नाही. चल, आटप."

फ्लोट बदलायला टाकी उपसावी लागली. पेट्रोल कॅनमध्ये काढलं. बदलून झाल्यावर परत ओतायला लागला, तर टाकीत डबडब डबडब असा आवाज, की नलूनं त्याचा हात धरला. "थांब! उठतील. राहिलेलं तू संध्याकाळी गुपचूप ओत. नाहीच जमलं तर आता काटा खरं दाखवेल, ते स्वतःच पंपावर भरतील." किती शहाणी बाई, नाही का?

टिटवाळ्याचा दिवस. नारळ फुटला, चादर उठली, आणि कंपाउंडमधली झाडून सगळी माणसं गाडीवर वाकली. पांढऱ्याशुभ्र चकत्या, काळी अक्षरं. वेगाच्या चकतीवर आकडे नव्हतेच. 'चालत', 'सायकल', 'रिक्षा', 'एसटी' आणि शेवटी लाल रंगात 'नलू ओरडेल'. तापाच्या चकतीवर 'कोमट', 'चहा', 'वाफ. कोथिंबीर'. बॅटरीच्या, 'जागी', 'पेंगतेय'. आणि पेट्रोलच्या चकतीवर 'भरपूर', 'पुरेल', 'देवा रे!'

लोक हसून हसून लोळले. नलूसुद्धा तोंडाला पदर लावून. काटा 'भरपूर'वर होता. ती माझ्या कानात म्हणाली, "सलीमनं ओतलं वाटतं." आणि 'राखीव'वर जाऊन बसली. भाऊजींनी तिच्या बाजूचं दार असं काही हलक्या हातानं लावलं, की मीच दुसरीकडे बघितलं.

पुढे ती दोघं, मागे रिक्षात अंपायर. रिक्षावाला माझ्यावर वैतागलेला, "मावशी, ओव्हरटेक करू?" म्हटलं, खबरदार! शहाडचा पूल आला. चढ लागला, आणि अगदी माथ्यावर जाऊन गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि गप्प झाली. मागे हॉर्नचा नुसता गदारोळ.

मी उतरून धावले. भाऊजी चकतीवर टिचक्या मारत होते. "सगळे काटे बरोबर. तेल बरोबर, पाणी कोमट. पेट्रोल भरपूर." मग उतरून मागे गेले, टाकीवर बोटानं वाजवलं. रिकाम्या हंड्यासारखा आवाज. "असं कसं? काटा उलटा चालत होता म्हणून तर मी अक्षरं उलटी रंगवली. भरपूर खाली, देवा रे वर."

नलूनं माझ्याकडे पाहिलं. मी नदीकडे पाहिलं. तिनं काटा सुलटा केलेला, ह्यांनी अक्षरं उलटी केलेली, कॅनमधलं पेट्रोल सलीमकडेच राहिलेलं, आणि रिकाम्या टाकीचा काटा 'भरपूर'वर. दोघांनी मिळून गाडीला खोटं बोलायला लावलेलं.

"नले," भाऊजी शांतपणे म्हणाले, "फ्लोटला हात कुणी लावला?"

"मला काय विचारता?"

"लाटणं कुठंय?"

"माझ्या पर्समध्ये."

ते आत जाऊन बसले, ब्रेकवर पाय ठेवला, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मागचे शिव्या घालत होते, ते यांना ऐकूच येत नव्हतं. मग म्हणाले, "ढकलल्याशिवाय आता हलायची नाही. अट म्हणजे अट. गिऱ्हाईकाला फोन करतो." आणि खिशात मोबाइल चाचपायला लागले. तो माणूस उभ्या जन्मात कधी हरलेला दिसला नव्हता मला, तो त्या पुलावर दिसला.

नलू म्हणाली, "माझे पाय आखडलेत. जरा उतरते." उतरली. दार उघडंच ठेवलं. गाडीला वळसा घालून मागे गेली आणि टाकीला पाठ लावून उभी राहिली, उल्हास नदी बघत. जन्मात पहिल्यांदा बघतेय अशी. "पाणी काय छान आहे गं आज," मला म्हणाली, आणि टाचा घट्ट रोवून मागे रेलली. "अहो, ब्रेकवर पाय कशाला ठेवलाय? पाय दुखेल तुमचा. काढा."

त्यांनी आरशात तिच्याकडे पाहिलं. पाय काढला.

गाडी हलली. पुढची चाकं माथ्याच्या पलीकडे गेली. नलूनं एका हातानं निऱ्या धरल्या, पदर दातात, आणि ती धावली! साठी उलटलेली बाई, उघड्या दारातून धपकन 'राखीव'वर. आणि मग ती लाल गाडी, इंजिन बंद, आवाज नाही काही नाही, नुसती उतारावरून सुळ्ळकन निघाली. मागचे हॉर्नसुद्धा थांबले. मला फक्त नलूचं हसणं ऐकू येत होतं, लांब लांब जात. वळणाच्या पुढे पंप होता, तिथपर्यंत गाडी आपल्या पायानं गेली.

मी रिक्षानं पोचले तर दोघं पंपावर माझी वाट बघत उभी, शाळेतल्या मुलांसारखी. भाऊजींचा चेहरा पुन्हा देवळातला.

"वहिनी, अंपायर तुम्ही. खरं काय ते सांगा. हिनं ढकलली का?"

"मी कशाला ढकलू?" नलू उसळली. "मी टेकले फक्त!"

मी पंपावरच्या सगळ्या माणसांदेखत निकाल दिला. ढकलण्याची अट आहे, टेकण्याची नाही. टिटवाळ्याला बाप्पासमोर तिनं हात जोडून काय सांगितलं ते तिला ठाऊक. भाऊजींनी मात्र प्रदक्षिणा घालताना तिला विचारलं, "फ्लोट चांगल्या प्रतीचा आहे ना गं?" ती म्हणाली, "उत्तम आहे. आता अक्षरं सुलटी करा."

गाडी कोलशेतला गेली. त्या उंच उंच इमारती, खाली चकचकीत गाड्या, आणि एका खांबाच्या कोपऱ्यात ही बुटकी. मी एकदा दुपारची गेलेले तर घराला कुलूप. खाली शोधलं तर दोघं गाडीत बसलेली, गाडी जागच्या जागी, मधे थर्मास. नलू हातात बॅटरी धरून उजेड दाखवत होती आणि भाऊजी जिभेचं टोक दातात धरून वेगाच्या चकतीवर अगदी बारीक ब्रशनं काहीतरी काढत होते. कान लाल होता, म्हणजे लाल रंग चाललेला.

"नले, पुलावर किती होता गं वेग?"

"मला काय ठाऊक? मी धावत होते."

"म्हणजे सायकलपेक्षा जास्त," त्यांनी विचार केला, "आणि रिक्षापेक्षा कमी." आणि त्या दोन नावांच्या मध्ये तो एवढासा शब्द पूर्ण केला. मग माझ्याकडे बघून ब्रश कानामागे खोचला. मी रिक्षात बसून निघाले तेव्हा मागे वळून पाहिलं, तर नलू पदराच्या टोकानं त्यांच्या कानावरचा रंग पुसत होती आणि ते मान मागे घेत होते, पोरासारखे. तेच शेवटचं. पावसाळ्याआधी गेले, झोपेतच.

आता कळलं, पल्लवी? प्रदर्शनात गाडी नलूनंच नेली होती. शिकली ना ती चालवायला! पेट्रोलचा काटा आता एकदम खरा आहे, तरी लाटणं पर्समध्ये असतंच.

ती येत्या रविवारी माझ्याकडे येते आहे, गाडी घेऊन. सीट एकच रिकामी असते, आपण आळीपाळीनं बसू. तू ये. खरंच ये, येते येते म्हणू नकोस. घर बदललंय, पण पाटी मी जुन्या दारावरची उचकटून आणली आहे. बेल एकदाच दाब. ऐकू येतं.